चौदा वेळा निरोप

फोरमनच्या डोक्यावर ठेवलेली टोपी लहान होती, अंगावर चढवलेला कोट मोठा होता, कोट लोकरीचा होता आणि दिवस उन्हाळ्याचे होते. बूट कुणा भलत्याच माणसाच्या मापाचे होते, आणि तो माणूस बहुधा चालत नसावा. सकाळचे साडेसात वाजले होते. परक्या देशातल्या एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनात, साठ अनोळखी माणसांच्या गर्दीत, त्याला खडूनं काढलेल्या फुलीवर उभं केलं होतं आणि इथून हलायचं नाही असं बजावलं होतं. बासष्ट वर्षांच्या माणसाला! आता अशा वेळी चिडू नये तर काय करावं?

ही सगळी बाईची कृपा. बाई म्हणजे त्याची बायको. ती तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवायची, म्हणून सगळी गल्ली तिला बाई म्हणे. लग्नानंतर फोरमननं तिला चेष्टेनं बाई म्हणायला सुरुवात केली, मग चेष्टा विसरली आणि हाक राहिली. त्याचंही तेच. खिळ्यांच्या कारखान्यात चौतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अठरा फोरमन म्हणून, तर आता सख्खी मेहुणीसुद्धा त्याला फोरमन म्हणते.

निवृत्त झाल्यावर माणसं गुडघ्यांचे व्यायाम करतात, नातवंडं खेळवतात. बाईनं काय करावं? तिनं पाठीवर घ्यायची एक पिशवी आणली. ती एवढी मोठी की मागून पाहिलं तर पिशवीलाच पाय फुटलेत असं वाटावं. तीन महिने, सहा देश, स्वस्तातली हॉस्टेलं, मिळेल ती बस. सून म्हणाली, आई, झकास. मुलगा म्हणाला, बाबांनाही ने, म्हणजे आम्हाला काळजी नाही. फोरमननं बराच वेळ डोकं धरलं आणि मग सांगितलं की एक महिना येतो, त्यापुढे एक दिवस नाही. मनातला हिशेब सरळ होता. महिनाभर दुमजली पलंगांवर झोपून, सार्वजनिक न्हाणीघराबाहेर रांगा लावून हिची हौस फिटेल आणि दोघं मुकाट्यानं घरी येतील.

हौस फिटली नाही. उलट बाई उजळली. तीन दिवसांत तिला नकाशे कळायला लागले, आठ दिवसांत ती हॉस्टेलातल्या पोराटोरांना रस्ते सांगायला लागली. फोरमनचे मात्र नाकी नऊ आले. आणि असं करता करता महिना संपला. उद्या सकाळी त्याचं घरी जाणारं विमान होतं, आणि त्याच सकाळी तिची बस होती, पुढच्या देशात जाणारी. पुढचे दोन महिने ती एकटी फिरणार. एकटी!

हे काही होऊ द्यायचं नाही असं फोरमननं ठरवलं होतं. आजचा शेवटचा दिवस त्यानं त्यासाठी राखून ठेवला होता. मुद्दे तयार होते: तिचा गुडघा, बाहेरचं पाणी, चोरटे, सुनेला गेलेले दिवस. एकेक मुद्दा शांतपणे मांडायचा आणि संध्याकाळपर्यंत तिच्या तोंडून ‘बरं, येते परत’ वदवून घ्यायचं. तर काल चहाच्या वेळी बाई नाचत आली. हॉस्टेलच्या फळ्यावर चिठ्ठी लागली होती, सिनेमासाठी गर्दीतली माणसं हवीत, म्हाताऱ्यांची विशेष गरज. तिनं दोघांची नावं देऊनही टाकली होती. फोरमन म्हणाला की उद्या जरा बोलायचं होतं. तर म्हणते, बोलू की, दिवसभर बरोबरच असणार आहोत.

बरोबर कसले! आल्या आल्या एका पोरीनं दोघांना शेळ्या-मेंढ्यांसारखं वेगळं काढलं. गर्दी सांभाळायचं काम तिच्याकडे होतं, गळ्यात शिट्टी होती आणि ती सारखी वाजत होती, म्हणून फोरमननं मनातल्या मनात तिचं नाव शिट्टी ठेवलं. शिट्टीनं मोबाइल काढून घेतले, हातातली घड्याळं काढून घेतली, कारण सिनेमा जुन्या काळातला होता. बाईचा चष्माही काढून घेतला. चष्म्याशिवाय बाईला दहा हातांपलीकडचं माणूस आहे की खांब आहे तेही कळत नाही, पण ती हसत हसत देऊन मोकळी झाली.

प्रसंग साधा होता. नायक गाडीनं दूर देशी निघालाय, नायिका गाडीबरोबर धावते, आणि फलाटावर बाकीची गर्दी आपापल्या माणसांना निरोप देते. गर्दीच्या जोड्या लावल्या होत्या, एक जाणारा आणि एक पोचवायला आलेला. बाई जाणाऱ्यांत होती. तिला पोचवायला एक उंच म्हातारा दिला होता. तो आयुष्यभर भट्टीवर पाव भाजून निवृत्त झालेला, असं तिनंच सकाळी बसमध्ये त्याच्याकडून काढून घेतलं होतं. फोरमन पोचवणाऱ्यांत. त्याची प्रवासी म्हणजे सुट्टीवर आलेली एक दातांची डॉक्टरीण, फुलांची टोपी घातलेली. फोरमन आणि बाई यांच्यामध्ये वीसेक पावलांचं अंतर होतं, आणि फोरमनची तिच्याकडे पाठ.

आणि नियम काय, तर आवाज काढायचा नाही. फक्त नायक-नायिकेचं बोलणं ध्वनिमुद्रित व्हायचं होतं. गर्दीनं नुसते ओठ हलवायचे, हातवारे करायचे, रडायचंही बिनआवाजाचं. गर्दीचा आवाज म्हणे मागाहून वेगळा भरतात. काय वाटेल ते बोला, शिट्टीनं समजावलं, शब्द कुणाला ऐकू येणार नाहीत. हातांची हालचाल मात्र दर वेळी तीच हवी, डाव्या हातात पिशवी तर डाव्याच हातात.

फोरमनला हे बिनआवाजाचं बोलणं कुणी शिकवायची गरज नव्हती. खिळ्यांच्या कारखान्यात चाळीस यंत्रं एका वेळी तार तोडून तिला डोकं ठोकत असत. कानाशी तोंड लावून ओरडलं तरी पलीकडच्याला पत्ता लागत नसे. त्यामुळे तिथे कुणी ओरडायच्या भानगडीत पडत नसे. तोंड नीट हलवायचं आणि समोरच्यानं ओठ वाचायचे, दोन माणसं कारखान्याच्या दोन टोकांना उभी राहून घरची भांडणं, सुखदुःखं बोलत. नवा कामगार सहा महिन्यांत शिके. फोरमन तर त्यात पटाईत होता, आणि कान गेल्यावर आणखी पटाईत झाला. डावा कान पार गेलेला, उजवा जायच्या वाटेवर. लग्नकार्यांत तो मांडवाच्या दुसऱ्या टोकाला कोण कुणाची निंदा करतंय ते बाईला सांगे आणि ती तोंडाला पदर लावून हसे. ही फार जुनी गोष्ट. अलीकडे घरी तो पेपर वाचायचा किंवा टीव्ही बघायचा, बाई आतून काहीतरी बोलायची, आणि तो तिकडे न बघता ‘हं’ म्हणायचा.

तर काम सुरू झालं. शिट्टी वाजली, गाडी सुटली, नायिका धावली, दिग्दर्शकानं मान हलवली. पुन्हा. आता पुन्हा म्हणजे काय, तर ती अख्खी गाडी शंभर पावलं पुढे गेलेली, ती मागे ढकलत आणायची, धूर काढायचं यंत्र पुन्हा पेटवायचं, नायिकेचे केस पुन्हा विस्कटायचे. अर्धा तास. मग दीड मिनिटाचं काम. मग पुन्हा अर्धा तास. फोरमननं नजरेनं मोजलं, नुसती दोरी धरून उभी असलेली नऊ माणसं होती. नऊ! त्याच्या हाताखाली हे चाललं असतं तर त्यानं एकेकाला खिळे वेचायला बसवलं असतं.

पहिल्या वेळी तो डॉक्टरणीशी काय बोलावं ते न सुचून एकोणतीसचा पाढा म्हणाला. तीही काहीतरी बोलली, बहुधा दातांबद्दल. दुसऱ्या वेळी त्यानं तिला यंत्राला तेल कसं द्यायचं ते सांगितलं. सातव्या वेळेपर्यंत त्याचं सगळं ज्ञान संपलं होतं, पायांना फोड आले होते, आणि राखून ठेवलेला दिवस हातातून वाळूसारखा गळत होता. बाईला समजवायचं राहिलं बाजूला, तिचं तोंडसुद्धा दिसत नव्हतं. मधल्या वेळात तिकडे जावं म्हटलं तर शिट्टी वाजे.

सातव्या वेळेनंतर कॅमेऱ्यामागच्या कुणाला तरी साक्षात्कार झाला की फोरमनच्या टोपीमुळे नायिका झाकली जाते. शिट्टी धावत आली आणि फोरमन आणि डॉक्टरीण यांची जागा उलटी केली. आता डॉक्टरणीची पाठ बाईकडे आणि फोरमनचं तोंड. तिच्या खांद्यावरून त्याला बाई स्पष्ट दिसायला लागली, राखाडी कोटातली, डोक्याला रुमाल बांधलेली, एक हात डब्याच्या दांडीवर. बाईला तो दिसणं शक्य नव्हतं. तिच्या हिशेबी तो पाठमोराच होता.

शिट्टी वाजली, सगळ्यांचे ओठ हलायला लागले, आणि फोरमननं सवयीनं वाचायला सुरुवात केली. बाई त्या पाववाल्याला सांगत होती की तुमच्या कोटाचं बटण लोंबतंय, सुई-दोरा असता तर दोन मिनिटांत लावून दिलं असतं. अस्सल आपल्या भाषेत. त्या बिचाऱ्याला ओ की ठो कळत नव्हतं, आणि कळो न कळो, ऐकू येतच नव्हतं. तो भक्तिभावानं मान हलवत होता. फोरमनला हसू आलं. किती तरी वर्षांत त्यानं तिचं बोलणं असं समोरून, शेवटपर्यंत वाचलं नव्हतं.

नवव्या वेळी ती म्हणाली, आमचे हे तिकडे कुठेतरी तोंड फुगवून उभे असतील. त्यांना वाटतंय मी आज ना उद्या हात टेकीन. एक महिना नुसती वाट बघतायत. फोरमनचं हसू गेलं. म्हणजे हिला सगळं माहीत होतं तर.

आणि दहाव्या वेळी तिनं त्या म्हाताऱ्याच्या बाहीला हात लावला, जसा दर वेळी लावत होती, आणि म्हणाली:

“तुम्हाला कळत नाही म्हणून सांगते. मला उद्याची फार भीती वाटतेय. काल रात्रभर डोळा लागला नाही.”

गाडी सुटली. बाई पायरी चढली आणि डब्याबरोबर पुढे गेली.

फोरमनला टोपी टोचायची थांबली. बूट चावायचे थांबले. अहो, हुकमाचा एक्का! तो गुडघा आणि पाण्याचे मुद्दे घेऊन बसला होता, आणि इथे किल्ला आतूनच उघडा होता. हिला भीती वाटतेय. मग झालंच की. आता समजावणी नको, वाद नको. जेवायच्या सुट्टीत जवळ बसायचं, मायेनं विचारायचं, भीती वाटते ना, आणि म्हणायचं, अगं मग नको जाऊस. चार शब्दांचं काम. गाडी ढकलत मागे आणत होते तोवर त्यानं ते चार शब्द मनात तीनदा म्हणून पाहिले, आणि डॉक्टरणीला स्वतःजवळची गोळी खायला दिली.

अकराव्या वेळी तो जवळजवळ आनंदानं वाचायला लागला. बाई मघाच्याच धाग्यावरून पुढे बोलत होती, जणू मध्ये अर्धा तास गेलाच नव्हता. म्हणाली:

“ह्यांना सांगायची सोय नाही. सांगितलं की म्हणणार, मग नको जाऊस. संपलं.”

मी? मी कधी असं म्हणालो? फोरमनच्या पायांनी त्याला न विचारता दोन पावलं पुढे टाकली. डॉक्टरणीला त्यानं कोपरानं बाजूला सारलं. तोंडातून शब्द फुटला नाही हे नशीब, पण तोवर तो फुलीवरून थेट नायिकेच्या वाटेत आला होता. धावत येणारी नायिका त्याच्या कोटावर आदळली. कट, कट, कट. दिग्दर्शकानं हातातले कागद जमिनीवर आपटले. नऊच्या नऊ दोरीवाले त्याच्याकडे बघायला लागले. शिट्टीनं त्याला इंग्रजीत, तिच्या भाषेत आणि हातवाऱ्यांत असं तिन्ही प्रकारे झापलं, आणि कारखान्यात आयुष्यभर दुसऱ्यांना झापलेला माणूस टोपी हातात धरून ऐकत राहिला. त्याच्या दोन पावलांपायी अख्खी गाडी परत ढकलत आणावी लागणार होती.

मग जेवायची सुट्टी झाली. कागदी डब्यात पाव, उकडलेलं अंडं आणि एक सफरचंद. बाई चष्मा घालून त्याला शोधत आली, मोठ्या उत्साहात. काय मजा येतेय म्हणाली, आणि मघाशी कोण गाढव हो मध्येच चालायला लागलं, बिचाऱ्या त्या नायिकेच्या नाकाला लागलं असतं. फोरमन म्हणाला, असेल कुणीतरी. तिनं अंडं सोलून त्याच्या डब्यात ठेवलं, मीठ घातलं. ती जवळ बसली होती, शिट्टी लांब होती, वेळ अगदी हवी तशी होती. चार शब्दांचं तर काम.

पण ते चार शब्द काही केल्या बाहेर येईनात. येणार कसे? ते तिनं आधीच बोलून ठेवले होते. आता तो तेच म्हणाला तर ती खरी ठरणार, आणि एका पाव भाजणाऱ्या म्हाताऱ्यासमोर तो खोटा पडणार, मग भले त्या म्हाताऱ्याला काही कळो न कळो. फोरमननं पाव खाल्ला. सफरचंद खाल्लं. बाईनं विचारलं, कालपासून काहीतरी बोलायचं म्हणत होतात ना? तो म्हणाला, संध्याकाळी बोलू. तिनं डबे उचलले आणि ती आपल्या म्हाताऱ्याकडे गेली.

त्याला अजून वाटत होतं की बाईनं उगाच आळ घेतलाय. आपण तिची काळजी केली. काळजी करणं हा काय गुन्हा आहे?

बाराव्या वेळी ती स्कूटरबद्दल बोलली. फोरमनला ती स्कूटर चांगली आठवत होती, निळी, जुनीच घेतलेली. बाई सांगत होती की पंधरा दिवस शिकले, एकदा वळणावर जरा घाबरले आणि घरी येऊन बोलून गेले. दुसऱ्या रविवारी गिऱ्हाईक दारात. फोरमनच्या आठवणीतही तसंच होतं, फक्त त्याच्या आठवणीत तो रविवार फार चांगला होता. बायकोचा जीव धोक्यातून सोडवला म्हणून त्यानं त्या दिवशी आइस्क्रीम आणलं होतं.

तेराव्या वेळी नायिकेची सावली मध्ये आली आणि त्याला निम्मंच वाचता आलं, पण निम्मं पुरे होतं. शाळेत मोठ्या बाईंची जागा मिळत होती हो, दोन तासांवरच्या गावी. मी एवढंच म्हटलं, मला जमेल का. मग काही शब्द गेले. मग: “भीती वाटते म्हणजे नको असतं, असं नाही ना?”

त्या म्हाताऱ्यानं जोरात मान हलवली. दर वेळी याच ठिकाणी मान हलवायची असं त्याला सांगितलं होतं. फोरमनला त्या म्हाताऱ्याचा संताप आला, आणि मग स्वतःचा. चौतीस वर्षं तो माणसांचे ओठ वाचत आला. कुठल्या कामगाराची आई आजारी आहे, कुणाला उचल हवी आहे, कोण यंत्रापाशी चक्कर येऊन पडणार आहे, हे त्याला कारखान्याच्या दुसऱ्या टोकावरून कळायचं. आणि घरात, सहा हातांवर, हिनं ‘जमेल का मला’ म्हटलं तेव्हा तिचं तोंड कसं दिसत होतं ते त्याला आठवेना. त्यानं खूप आठवून पाहिलं. आठवत होता तो पेपर.

चौदाव्या वेळी बाई काहीच बोलली नाही. दमली असावी. नुसती म्हाताऱ्याच्या बाहीला हात लावून उभी राहिली आणि गाडी हलली तशी पायरी चढली. तिनं दांडी किती घट्ट धरली होती ते फोरमनला आता दिसलं. इतक्या वेळा त्याला तो अभिनय वाटला होता. गाडी पुढे गेली, नायिका धावत जाऊन थांबली, आणि दिग्दर्शकानं दोन्ही हात वर केले. झालं. मनासारखं झालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

फोरमन गाडी परत यायची वाट बघत फुलीवरच उभा राहिला. तेरा वेळा ती आली होती, बाईला घेऊन उलटी, धुरातून. या वेळी आली नाही. काम संपलं होतं, आता कशाला कोण ढकलत आणेल? गाडी तशीच वळणापलीकडच्या शेडमध्ये गेली. गर्दी पांगली, डॉक्टरणीनं हात मिळवून निरोप घेतला, दोरीवाल्यांनी दोऱ्या गुंडाळल्या. फोरमन रिकाम्या रुळांकडे बघत राहिला. त्याला आपलं घर दिसलं. उद्या संध्याकाळी कुलूप काढून आत जायचं. दिवा आपणच लावायचा. दुधाचं पातेलं कुठे असतं ते शोधायचं. मग बसायचं. कुणी आतून काही बोलणार नाही आणि त्याला ‘हं’ म्हणायला लागणार नाही. दोन महिने. तिच्या गुडघ्याची, पाण्याची, चोरांची काळजी करण्यात त्यानं पूर्ण महिना घालवला होता, आणि त्या सगळ्या काळजीच्या बुडाशी हे होतं. त्याला चक्क भीती वाटत होती. शिट्टी येऊन कोट मागायला लागली तेव्हा त्याला बटणं सापडेनात.

संध्याकाळी हॉस्टेलच्या खोलीत दोघंच होती. बाकीची पोरं बाहेर भटकायला गेली होती. बाईनं खालच्या पलंगावर सगळे कपडे मांडले होते आणि ती त्यांच्या घट्ट गुंडाळ्या करून पिशवीत भरत होती. फोरमन प्लास्टिकच्या खुर्चीवर पाय पाण्यात सोडून बसला होता. ती सिनेमाबद्दल बोलत होती, मग त्याच्या विमानाबद्दल, मग घरी गेल्यावर आधी पाण्याची टाकी धुऊन घ्या, गॅस दूधवाल्याच्या पोराकडून बघून घ्या. मध्येच थांबून तिनं विचारलं, काय ते बोलायचं होतं?

फोरमनला ठाऊक होतं की अजूनही एक्का त्याच्याच हातात आहे. आणि आता तर दोन होते. आपल्याला एकट्याला भीती वाटते एवढं नुसतं म्हटलं, तर ही बाई पिशवी रिकामी करून उद्या विमानात बसेल. लग्नाची छत्तीस वर्षं ती हेच करत आली होती. म्हणजे गप्प बसावं, तर तेही आजवर केलेलंच. हे काय त्रांगडं आहे, असं मनाशी म्हणत त्यानं पाय पाण्यातून काढले, ओले तसेच फरशीवर टेकवले आणि खुर्ची तिच्यासमोर ओढली.

“मला उद्या एकट्यानं घरी जायची भीती वाटतेय,” तो म्हणाला. आणि तिनं तोंड उघडायच्या आत हात वर केला. “म्हणून तू परत यायचं नाहीस. तुझी बस आहे, तू जायचंस. मी नुसतं सांगतोय.”

बाईच्या हातातली गुंडाळी उलगडली. तिनं त्याच्याकडे, मग त्याच्या ओल्या पायांकडे, मग परत त्याच्याकडे पाहिलं. ताप-बीप आहे का, असंही तिच्या चेहऱ्यावर येऊन गेलं. मग कपडे सरकवून पलंगाच्या कडेवर बसली.

“मलाही वाटतेय हो,” ती म्हणाली. “खूप.”

छत्तीस वर्षांचं तयार उत्तर जिभेच्या टोकावर येऊन उभं राहिलं. फोरमननं दात दाबले. ते गेलं, पण लगेच दुसरं आलं: बसमध्ये पुढच्या जागेवर बस, पैसे दोन ठिकाणी ठेव, अमुक कर, तमुक कर. तेही त्यानं गिळलं. असलं काही न बोलता बसणं त्याला चाळीस यंत्रं चालवण्यापेक्षा जड गेलं.

“कशाची?” त्यानं विचारलं.

ती सांगायला लागली. पहाटे बस चुकेल याची. सीमेवरचा अधिकारी काही विचारेल आणि आपल्याला कळणार नाही याची. आजारी पडले तर उशाशी कोण, याची. सांगताना तिचा आवाज मधूनच इतका खाली जाई की फोरमनच्या उजव्या कानालाही तो लागत नसे, पण तो समोर बसला होता आणि तिच्या तोंडावरून त्यानं नजर काढली नाही. एक एक करत ती नातवापर्यंत आली, तो यायच्या वेळी आपण इथेच कुठेतरी अडकलो तर, इथपर्यंत. मग तिनं नाक पुसलं, आणि सवयीनं त्याच्या उत्तराची वाट बघत थांबली.

“आणखी?” फोरमन म्हणाला.